एका काटेझुडपाची कादंबरी

एखादी मोठी कादंबरी वाचून संपली म्हणजे ती लेखकाला आरंभापासून अशीच्या अशी दिसली असावी, असा वाचकाचा सहज समज होतो. पात्रें, प्रसंग, स्थळें हीं सर्व एकमेकांत इतकीं गुंतलेलीं असतात कीं, त्यांतलें एखादें कधीं काळीं नव्हतें ही कल्पनाच करवत नाहीं. उलट ज्यांना स्वतः कांहीं लिहावेंसें वाटतें, पण लिहवत नाहीं, त्यांचा समज अगदीं दुसऱ्या टोकाचा असतो. आपल्याला कल्पना सुचते, पण ती फारच लहान; एवढ्याशा ठिणगीनें काय पेटणार, असें म्हणून ते लेखणी खालीं ठेवतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, असें आम्हांस वाटतें. ठिणगी सर्वांचीच लहान असते. ती हातीं आल्यावर मनुष्य तिला काय विचारतो, किती दिवस विचारतो, आणि उत्तर आलें म्हणजे तें ऐकून घेतो कीं नाहीं, यावर पुढचें सर्व अवलंबून असतें.

हें आमचें म्हणणें केवळ तर्कावर उभारलेलें नाहीं. साहित्याच्या इतिहासांत याचा एक असा दाखला आहे कीं, ज्याच्या बहुतेक पायऱ्या तारीखवार सांगतां येतात. तो म्हणजे लिओ टॉलस्टॉयची ‘हाजी मुराद’ ही लहानशी कादंबरी. तिचीं प्रकरणें अवघीं २५. पण तिची बातमी लेखकाच्या कानीं आली १८५१ त, ठिणगी पडली १८९६ त, लेखणी शेवटीं खालीं ठेवली गेली १९०४ च्या सुमारास, आणि पुस्तक छापून निघालें १९१२ सालीं, लेखकाच्या मृत्यूनंतर. या साऱ्या काळांत काय घडलें तें क्रमानें पाहण्याचा आमचा विचार आहे. तारखा त्या वेळच्या जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें दिल्या आहेत.

हाजी मुराद हें कल्पित पात्र नव्हे. कॉकेशस पर्वताच्या पूर्वेकडील दागेस्तान व चेचन्या या डोंगराळ मुलखांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रशियन साम्राज्य आणि तेथील मुसलमान जमाती यांच्यांत दीर्घकाळ युद्ध चाललें होतें. १८३४ पासून या जमातींचें नेतृत्व इमाम शामिल याच्याकडे होतें. हाजी मुराद हा दागेस्तानांतील खुंजाखचा, आवार जमातीचा. तेथील खान घराण्याशीं त्याच्या कुटुंबाचा दूधभावाचा संबंध होता. शामिलच्या आधींचा इमाम हमझात बेग यानें त्या घराण्यांतील तरुण खानांची हत्या केली, तेव्हां हाजी मुराद व त्याचा भाऊ उस्मान यांनीं १८३४ सालीं खुंजाखच्या मशिदींत हमझातला ठार मारून सूड उगवला. त्या झटापटींत उस्मानही मारला गेला. नंतर कांहीं वर्षें हाजी मुराद रशियनांच्या बाजूस होता. पण एका प्रतिस्पर्ध्यानें चहाडी केल्यावर रशियनांनींच त्याला कैद केलें. सैनिक त्याला घेऊन जात असतां अरुंद डोंगरवाटेवर त्यानें एका सैनिकासह कड्यावरून उडी टाकली. सैनिक मेला, हा वांचला, पण पायानें कायमचा अधू झाला. पुढचीं दहा वर्षें तो शामिलचा नायब म्हणून रशियनांशीं लढला, आणि त्याच्या स्वाऱ्यांनीं साऱ्या कॉकेशसमध्यें त्याचें नांव गाजलें.

१८५१ सालीं शामिलशीं त्याचें बिनसलें आणि नोव्हेंबरांत तो पुन्हां रशियनांच्या आश्रयास आला. त्याचें कुटुंब मात्र शामिलच्या ताब्यांत राहिलें. रशियन कैद्यांच्या मोबदल्यांत आपलीं माणसें सोडवून द्या, मग मी तुमच्यासाठीं लढेन, अशी विनवणी तो करीत राहिला. रशियन अधिकारी दिवस ढकलीत राहिले. शेवटीं १८५२ च्या एप्रिलांत नुखा या गांवाहून घोड्यावर फिरावयास निघाला असतां तो चार-पांच सोबत्यांसह पहाऱ्यांतून निसटला. लगेच त्याला गांठून चहूंकडून घेरण्यांत आलें. तो शेवटपर्यंत लढून पडला, आणि त्याचें डोकें कापून नेण्यांत आलें.

हाजी मुराद शरण आल्यानंतरच्या डिसेंबर महिन्यांत तेवीस वर्षांचा टॉलस्टॉय तिफ्लिस म्हणजे आजच्या तिबिलिसी शहरांत होता. सैन्यांत दाखल होण्याची त्याची खटपट चालली होती. हाजी मुरादही त्याच महिन्यांत त्याच शहरीं आणला गेला होता. २३ डिसेंबर १८५१ रोजीं टॉलस्टॉयनें आपला भाऊ सेर्गेई यास जें पत्र लिहिलें, त्यांत इतर गप्पागोष्टींबरोबर ही बातमीही आहे. साऱ्या चेचन्यांतला हा पहिल्या प्रतीचा शूर स्वार, पण त्यानें नीचपणा केला, अशा अर्थाचें तें एक वाक्य आहे. एका वाक्यांत बातमी आणि त्याच वाक्यांत निकाल.

हें वाक्य आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. त्या तरुणाजवळ त्या वेळीं काय नव्हतें? विषय हातांशीं होता, मुलूख डोळ्यांपुढें होता, साक्षीदार रस्त्यांत भेटण्यासारखे होते. कादंबरीची म्हणून जी सामग्री आपण समजतों ती सर्व होती. पण त्यानें निकाल देऊन टाकला होता, आणि निकाल लागल्यावर विचारावयाचें कांहीं उरत नाहीं. म्हणून ती बातमी मनाच्या तळाशीं जाऊन पडली, आणि पंचेचाळीस वर्षें तेथेंच राहिली. मधल्या काळांत या मनुष्यानें ‘युद्ध आणि शांति’ लिहिली, ‘ॲना कॅरेनिना’ लिहिली, जगभर कीर्ति मिळविली, आणि मग कीर्ति व कला या दोहोंकडे पाठ फिरविली.

१८९६ च्या जुलैंत तो आपला भाऊ सेर्गेई याच्या पिरोगोवो येथील शेतवाडीवर गेला होता. ज्या भावाला तें जुनें पत्र लिहिलें, त्याचेंच हें गांव. तेथें १९ जुलैच्या दैनंदिनींत एक लहानशी नोंद आहे. आदल्या दिवशीं तो नांगरून पडीक ठेवलेल्या काळ्या शेतांतून चालला होता. नजर पोंचेल तेथपर्यंत हिरवी काडी नव्हती. धुळीच्या रस्त्याच्या कडेला आपल्याकडील उंटकटाऱ्यासारखें एक काटेरी झुडूप तेवढें उरलें होतें. त्याचे फुटवे तीन. पहिला मोडून लोंबत होता, दुसरा मोडून चिखलानें माखला होता, आणि तिसरा धुळीनें काळवंडून एका बाजूस कलला असला तरी जिवंत होता व त्याच्या मध्यभागीं तांबडा रंग दिसत होता. या झुडपानें हाजी मुरादची आठवण झाली, लिहावेंसें वाटतें, एवढें सांगून नोंद जवळजवळ संपते. रशियन खेड्यांत या झुडपाला ‘तातार’ असें म्हणतात, आणि कॉकेशसमधील मुसलमानांनाही रशियन लोक त्याच नांवानें संबोधीत. तेव्हां ही आठवण केवळ योगायोगाची म्हणतां येत नाहीं. पण नुसत्या नांवामुळें ती आली असती तर इतक्या वर्षांत कितीदां तरी यावयास हवी होती. चिरडल्यावरही न मरणें, हें त्यानें या वेळीं पाहिलें.

येथें ठिणगी पडली. ती केवढी होती? दैनंदिनीच्या कांहीं ओळी. महिना उलटण्यापूर्वीं, ऑगस्टच्या मध्यास, शामोर्दिनो येथें त्यानें पहिला खर्डा पुरा केला. तेथील मठांत त्याची बहीण मारिया राहत असे. खर्ड्याचें नांव त्यानें झुडपावरूनच ठेवलें होतें. एखादा दुसरा लेखक येथेंच थांबला असता. काटेझुडुप आणि शूर पुरुष यांची उपमा चांगली होती, शेवट करुण होता, आणि गोष्ट खरी घडलेली होती. एका गोष्टीला आणखी काय हवें?

टॉलस्टॉय थांबला नाहीं, आणि पुढची खरी कथा येथूनच सुरू होते. तत्पूर्वीं एक अडचण सांगितली पाहिजे. याच सुमारास तो ‘कला म्हणजे काय?’ हा आपला ग्रंथ लिहीत होता. तो १८९७-९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें बड्याबड्या कलावंतांना कडक कसोटी लावली आणि स्वतःलाही सोडलें नाहीं. दोन लहान कथा वगळतां आपलें बाकीचें ललित लेखन त्यानें वाईट कलेंत जमा केलें. ज्याचें मत असें, त्यानें एका लढवय्या डोंगरी सरदारावर कादंबरी लिहावी हें त्याला स्वतःलाच अवघड वाटत होतें. म्हणून हें काम तो मधूनमधून, जणूं आपल्या तत्त्वज्ञानाची नजर चुकवून, करीत असे. कधीं महिनेच्या महिने कागद बांधून ठेवी. १८९९ सालीं ‘पुनरुत्थान’ ही मोठी कादंबरी पुरी करण्यासाठीं, मग दुखण्यामुळें, मग इतर लेखनामुळें हें मागें पडे. पण प्रश्न मागें पडत नव्हते. ते परत परत येत.

पहिला मोठा प्रश्न असा कीं, या मनुष्याच्या गोष्टींत मुख्य काय आहे? एप्रिल १८९७ च्या दैनंदिनींत त्यानें एक उत्तर लिहिलें आहे. धर्मश्रद्धेनें झालेली फसवणूक ही मुख्य गोष्ट. ती नसती तर हा मनुष्य किती चांगला झाला असता, असा त्याचा आशय आहे. एका खर्ड्याला त्यानें धर्मयुद्धाच्या अर्थाचें ‘खझावात’ हें नांवही दिलें होतें. हें उत्तर टॉलस्टॉयच्या त्या काळच्या मतांना धरूनच होतें. त्याला जें जगाला शिकवावयाचें होतें, तेंच त्यानें हाजी मुरादच्या तोंडून वदवून घेतलें असतें तर पुस्तक लवकर पुरें झालें असतें. पण आज आपल्या हातीं असलेल्या कादंबरींत ही शिकवण मध्यभागीं नाहीं. हाजी मुराद तेथें नमाज पढतो, आणि त्याची ती प्रार्थना फसवणूक म्हणून दाखविलेली नाहीं. ती त्याच्या दिवसाचा शांत भाग आहे. स्वतःच्या मताला सोईचें उत्तर हातीं आलें असतांही लेखकानें पुन्हां विचारावयास सुरुवात केली, हें आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतलें सर्वांत कठीण पाऊल होय.

दुसरा प्रश्न मांडणीचा. एकच मनुष्य सूड घेणारा आहे, आईची अंगाईगीतें आठवणारा मुलगा आहे, बाप आहे, धूर्त सेनानी आहे, निष्ठावंत मुसलमान आहे. यांतला खरा कोणता? मार्च १८९८ च्या नोंदींत त्याला एक इंग्रजी खेळणें आठवलें आहे. जत्रेंतल्या चित्रांच्या पेटीसारखें तें असतें; भिंगाला डोळा लावला कीं आधीं एक चित्र दिसतें, मग दुसरें. हाजी मुराद असा दाखवावयास पाहिजे, असें तो लिहितो. म्हणजे ‘खरा कोणता’ हा प्रश्न त्यानें सोडून दिला, आणि ‘कोणाला कोणता दिसतो’ हा धरला. रशियन सरदाराच्या पत्नीला तो दिलदार पाहुणा दिसतो, वृद्ध सुभेदार व्होरोन्त्सॉव्हला राजकारणांतलें एक मोहरें, तरुण अधिकारी बटलर याला डोंगरी काव्याचा नायक. कादंबरीचा सारा आकार या एका बदललेल्या प्रश्नांतून निघाला आहे.

येथपर्यंतचे प्रश्न मोठे होते. पण आमच्या मतें या पुस्तकाला रक्तमांस दिलें तें लहान प्रश्नांनीं. १९०२ पासून टॉलस्टॉयनें हें काम पुन्हां जोरानें हातीं घेतलें, तेव्हां तो ७४ वर्षांचा होता. पीटर्सबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील स्तासॉव्ह त्याला पुस्तकें पुरवीत होता. कॉकेशसमधील जुन्या अधिकाऱ्यांच्या आठवणी, सरकारी पत्रव्यवहार, हाजी मुरादनें स्वतः सांगितलेली व लोरिस-मेलिकॉव्ह या अधिकाऱ्यानें लिहून घेतलेली जीवनकथा, हें सर्व त्यानें वाचलें. तरी कांहीं गोष्टी कोणत्याच कागदांत नव्हत्या. नुख्याचा जो जिल्हाधिकारी होता, व ज्याच्या देखरेखीखालीं हाजी मुराद शेवटीं राहिला, त्याची विधवा ॲना कोर्गानोवा हयात असल्याचें त्याला कळलें. ८ जानेवारी १९०३ रोजीं त्यानें तिला पत्र लिहून प्रश्न विचारले. हाजी मुरादला थोडें तरी रशियन बोलतां येत होतें काय? ज्या घोड्यांवरून तो पळाला ते त्याचे स्वतःचे होते, कीं त्याला दिलेले? ते चांगले होते काय, व रंगानें कसे? त्याचें लंगडणें डोळ्यांत भरण्यासारखें होतें काय? घराला बाग होती काय? तो पांच वेळां नमाज पढण्यासारखे धर्मनियम कडकपणें पाळी काय? त्याचे सोबती कसे होते?

सर्व जगाला उपदेश करणारा हा वृद्ध पुरुष, पन्नास वर्षांपूर्वींच्या एका घोड्याचा रंग एका वृद्ध स्त्रीला विचारतो, यांत वरवर पाहणाऱ्याला छांदिष्टपणा दिसेल. पण हे प्रश्न कादंबरींत कोठें जाऊन पोंचतात तें पाहावें. त्याला रशियन येत नसेल, तर प्रत्येक भेटींत मध्यें दुभाष्या येणार; मग शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा, आणि खरें संभाषण डोळ्यांचें. व्होरोन्त्सॉव्ह आणि हाजी मुराद यांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग कादंबरींत असाच रंगविला आहे: दुभाष्या एक सांगत असतो, आणि त्या दोघांचे डोळे एकमेकांना निराळेंच कांहीं सांगत असतात. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाहीं, आणि दोघांनाही तें कळलेलें आहे. भाषेविषयींचा एक साधा प्रश्न. त्यांतून मुत्सद्देगिरीचें सारें खोटेपण उघडें पडलें. लंगडणें ठाऊक असलें म्हणजे तो सुभेदाराच्या दिवाणखान्यांत कसा प्रवेश करील तें दिसूं लागतें. बाग असली तर झाडें आहेत, आणि झाडें असलीं तर पक्षी आहेत. हाजी मुराद पळून जातो त्या पहाटे नुख्याच्या घराबाहेर नाइटिंगेल पक्षी गात असतात. त्याच्या शेवटच्या लढाईंत गोळीबारानें ते गप्प होतात. आणि सर्व संपल्यावर पुन्हां गाऊं लागतात. मोठ्या प्रश्नांनीं ग्रंथाला दिशा मिळते हें खरें, तथापि पाय ठेवावयास जमीन मिळते ती अशा बारीक प्रश्नांनीं.

त्याच जानेवारींत त्यानें आपली वृद्ध नातलग, दरबारांत हयात घालविलेली अलेक्सांद्रा टॉलस्टाया, हिलाही विचारलें. तिला विचारलें तें झार पहिला निकोलस याच्याविषयीं. आणि तेंही राज्यकारभाराचें नव्हे, तर रोजच्या जगण्याचें: त्याचीं प्रेमप्रकरणें, पत्नीचें त्याच्याशीं वागणें, दरबारांतल्या कुजबुजी. एका डोंगरी सरदाराच्या गोष्टींत झार कोठून आला, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो टॉलस्टॉयच्या तिसऱ्या मोठ्या प्रश्नांतून आला: या मनुष्याला चिरडलें कोणी?

दैनंदिनींतल्या झुडपाला चिरडणारें कोणी दिसत नव्हतें. पण प्रश्न विचारल्याबरोबर रस्त्यावरचें चाक दिसूं लागलें, आणि मग चाकामागची गाडी. एका बाजूस शामिल: हाजी मुरादच्या मुलाला खड्ड्यांत कोंडून त्याचे डोळे काढण्याची धमकी देणारा. दुसऱ्या बाजूस निकोलस: १८५२ च्या नववर्षाच्या दिवशीं राजवाड्यांत बसून कागदांवर शेरे मारणारा. त्या एका सकाळीं तो हाजी मुरादविषयींचा अहवाल ऐकतो, चेचन्यांतील गांवें उद्ध्वस्त करण्याचें धोरण पुढें चालवितो, आणि एका पोलिश विद्यार्थ्याला हजार शिपायांच्या रांगेंतून बारा वेळां नेऊन फटके मारण्याची शिक्षा फर्मावितो. वर रशियांत फांशीची शिक्षा नाहीं याचा त्याला अभिमान वाटतो. आशियांतील निरंकुश सत्ता आणि युरोपांतील निरंकुश सत्ता हीं एकाच गोष्टीचीं दोन टोकें आहेत, आणि त्या दोहोंमध्यें सांपडलेला मनुष्य हा आपला विषय आहे, असें टॉलस्टॉयला या सुमारास स्पष्ट झालें. १८५१ चा ‘नीचपणा’ आतां कोठें राहिला? ज्याच्या मुलांचे डोळे एकाच्या हातीं आणि ज्याचें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हातीं, त्यानें कोठेंही पाऊल टाकलें तरी कोणीतरी त्याला विश्वासघातकी म्हणणारच. पन्नास वर्षांपूर्वीं दिलेला निकाल लेखकानें अशा रीतीनें फिरविला. पण हाजी मुरादला निर्दोष ठरवूनही नव्हे. पळतांना तो आपल्याशीं स्नेहानें वागणाऱ्या पहारेकऱ्यांना मारतो, हें त्यानें जराही लपविलेलें नाहीं.

एवढ्यानेंही प्रश्न संपला नाहीं. या दोन सत्तांच्या चाकाखालीं आणखी कोण सांपडलें? याचें उत्तर कोणत्याच दप्तरांत मिळण्यासारखें नव्हतें. तें लेखकानें आपल्या मनाला विचारलें. त्यांतून आव्देयेव्ह हा साधा शिपाई जन्मास आला. एका किरकोळ चकमकींत तो गोळी लागून मरतो. सरकारी अहवालांत त्या चकमकीचें वर्णन मोठ्या विजयासारखें येतें, आणि शत्रूचीं सुमारें शंभर माणसें पडल्याचें लिहिलें जातें. पुढच्याच प्रकरणांत कादंबरी फार दूर, त्याच्या खेड्यांत जाते. म्हातारा बाप ओटची मळणी करीत आहे. मुलाबाळांचा धनी असलेल्या भावाच्या ऐवजीं आव्देयेव्ह फौजेंत गेला होता, तो कामसू होता, आणि मागें राहिलेला भाऊ तितका कामाचा नाहीं, हें बापाच्या मनांत सलतें आहे. आई त्याला पत्र आणि एक रूबल पाठविते. तो रूबल मृत्यूच्या बातमीबरोबर परत येतो. पुढें दुसऱ्या एका प्रकरणांत रशियन फौज हाजी मुरादला आश्रय देणाऱ्या सादो याचें गांव जाळते आणि सादोचा लहान मुलगा मारला जातो. रशियन शेतकऱ्याचें घर आणि चेचेन डोंगऱ्याचें घर यांत शोकापुरतें कांहींच अंतर नाहीं. हाजी मुरादच्या एकट्याच्या शौर्याची गोष्ट लिहिली असती तर हीं दोन्ही घरें आपल्याला कधींच दिसलीं नसतीं.

शेवटचा प्रश्न क्रमाचा: मृत्यु केव्हां सांगावा? हा सरळ क्रमानें सांगितला असता तर वाचक अखेरपर्यंत सुटकेची आशा धरून राहिला असता, आणि लढाई ही एक चित्तथरारक कथा झाली असती. टॉलस्टॉयनें तसें केलें नाहीं. शेवटच्या आधींच्या प्रकरणांत एक अधिकारी एका किल्ल्यांत येतो, आणि हाजी मुरादशीं ज्यांचा स्नेह होता त्या माणसांपुढें पिशवींतून त्याचें डोकें काढून दाखवितो. मृत्यूची हकीकत त्यानंतर येते. आतां तो सुटेल काय, हें विचारण्यास वाचक मोकळा राहत नाहीं. तो कसा मेला, एवढेंच पाहावयाचें उरतें. आणि तें पाहतांना पुन्हां झुडूप आठवतें. प्रस्तावनेंत लेखकानें एक नवी गोष्टही घातली आहे. निवेदक फुलांचा गुच्छ करण्यासाठीं तसलेंच एक काटेरी फूल स्वतः ओढून तोडूं पाहतो, तें सहजीं तुटत नाहीं, आणि शेवटीं हातीं येतें तें कुस्करलेलें, गुच्छांत न शोभणारें. मूळ नोंदींत फक्त रस्त्याकडेचें मोडकें झुडूप होतें. चिरडलें कोणी, या प्रश्नाच्या उत्तरांत लेखकानें अखेर निवेदकाचाही हात धरला आहे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, इतकी चौकशी करणें हें इतिहासकाराचें काम. कादंबरीकाराची प्रतिभा अशानें दबून जाईल. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. माहितीच्या ढिगाखालीं गुदमरलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या सर्वच भाषांत आहेत. पण टॉलस्टॉयनें जमविलेलें सर्व छापलें नाहीं. या लहानशा पुस्तकाचे दहा खर्डे झाले, आणि बहुतेक मजकूर त्यानें स्वतःच्याच हातानें बाजूस सारला. घोड्याचा रंग कळल्यानें घोडा दिसतो. एकदां तो दिसला म्हणजे त्याविषयीं चार शब्द पुरतात. ज्याला दिसत नाहीं तोच पानेंच्या पानें भरतो. शिवाय आव्देयेव्हच्या घराची माहिती त्याला कोणीही पुरविली नव्हती. कागदपत्रें जेथें संपलीं तेथून कल्पना पुढें गेली, परंतु प्रश्न तोच होता.

१९०४ नंतर टॉलस्टॉयनें हे कागद बाजूस ठेवले. आपल्या हयातींत पुस्तक छापूं नये अशी त्याची इच्छा होती. १९१० च्या नोव्हेंबरांत तो वारला, आणि १९१२ सालीं त्याच्या मरणोत्तर साहित्याबरोबर ‘हाजी मुराद’ प्रसिद्ध झाली. मॉस्कोच्या आवृत्तींत निकोलसविषयींच्या मजकुराला सेन्सॉरनें कात्री लावली. पूर्ण मजकूर बर्लिनच्या आवृत्तींत निघाला. म्हणजे ‘चिरडलें कोणी’ या प्रश्नाचें उत्तर साठ वर्षांनंतरही राज्यकर्त्यांना सोसवलें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या वहींत एखादी अर्धी ओळ, एखादें ऐकीव नांव, वाटेंत दिसलेलें एखादें दृश्य टिपून पडलें असेल, त्यांनीं या इतिहासांतून एवढें घ्यावें. ती ओळ लहान आहे म्हणून टाकूं नये, आणि तिच्यावर लगेच निकालही देऊं नये. या गोष्टींत मुख्य काय, ती कोणाला कशी दिसते, तिच्यांत आणखी कोणाचें घर मोडलें, शेवट केव्हां सांगावा, हे प्रश्न तिला विचारावे. आणि त्यांबरोबर घोड्याच्या रंगासारखे बारीक प्रश्नही. उत्तर आपल्या आवडत्या मताविरुद्ध आलें तरी तें लिहून ठेवावें. आणि ज्या प्रश्नाचें उत्तर एखाद्या हयात माणसाजवळ असेल, तो उद्यांवर टाकूं नये. टॉलस्टॉयला नुख्याची ती वृद्ध स्त्री पन्नास वर्षांनंतरही भेटली. तेवढी सवड सर्वांनाच मिळते असें नाहीं.